जोडीने वाचायचे आकडे

पियुषिका ही मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागच्या बाजूला हाडाच्या लहानशा खोबणीत बसलेली ग्रंथी आहे. वजन सुमारे अर्धा ग्रॅम, आकार वाटाण्याएवढा. रुग्णालयातल्या रोजच्या बोलण्यात तिला पिट्युटरीच म्हणतात. तिच्या पुढच्या भागातून सहा मुख्य संप्रेरके निघतात: थायरॉईडला चालवणारे टीएसएच, अधिवृक्क ग्रंथींना चालवणारे एसीटीएच, बीजांडकोश आणि वृषणांसाठी एलएच व एफएसएच, वाढीचे ग्रोथ हॉर्मोन आणि दूध आणणारे प्रोलॅक्टिन. मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन आणि ऑक्सिटोसिन रक्तात उतरतात, पण ती तयार होतात वर, हायपोथॅलॅमसमध्ये.

हे हुकूम एकेरी नसतात. खालची ग्रंथी जे पाझरते ते रक्तातून वर पोचते, आणि ते पुरेसे झाले की पियुषिका हात आखडता घेते. खाली कमी पडले की ती पुन्हा हात सैल सोडते. संप्रेरक पाझरणारी गाठ झाली की हा देवघेवीचा हिशेब मोडतो. तो वरून मोडला की खालून, हे एका आकड्यावरून सांगता येत नाही. वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे शेजारी ठेवावे लागतात. हॉर्मोन विभागात कामाला लागलेल्या माणसाला ही गोष्ट पुस्तकातून आधीच ठाऊक असते. ती अंगवळणी पडायला मात्र काही वर्षे जातात, कारण फॉर्मवर बहुतेक वेळा एकच तपासणी लिहून आलेली असते.

अधिवृक्काची गाठ हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसणाऱ्या या ग्रंथीत कॉर्टिसोल पाझरणारी गाठ झाली की ती कोणाचे ऐकत नाही. निरोगी माणसात कॉर्टिसोल पहाटे चढते आणि मध्यरात्री तळाला जाते. या गाठीला दिवसरात्रीचा फरक नसतो. पियुषिकेला रक्तात कॉर्टिसोलचा कायमचा सुकाळ दिसतो आणि ती एसीटीएच सोडणे जवळजवळ बंद करते. कॉर्टिसोल जास्त आणि एसीटीएच दर मिलिलिटरला ५ ते १० पिकोग्रॅमच्या खाली, ही जोडी आली की दोष अधिवृक्कात. कॉर्टिसोल जास्त असूनही एसीटीएच २० च्या वर असेल, तर हुकूम वरून येतो आहे: पियुषिकेतल्या गाठीकडून, नाहीतर फुप्फुसासारख्या भलत्याच ठिकाणच्या गाठीकडून. १० ते २० च्या मधली जागा अवघड असते आणि तिथे घाई करण्यात अर्थ नसतो. तपासणी पुन्हा करणे हेच शहाणपणाचे.

ज्या आकड्यावर एवढा निर्णय टांगलेला, तो आकडा फार नाजूक आहे. एसीटीएच रक्तातल्या विकरांमुळे भराभर तुटते आणि काचेला चिकटते. म्हणून जांभळ्या टोपणाचा प्लास्टिकचा ईडीटीए बल्ब आधीपासून बर्फात ठेवायचा, रक्त घेतल्याबरोबर परत बर्फात घालायचा, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा आणि प्लाझ्मा वेगळा करून लगेच गोठवायचा. प्रत्यक्षात काय होते? वॉर्डातले मामा किंवा मावशी एका हातात पाच-सहा बल्ब घेऊन निघतात, वाटेत एक्स-रेच्या फिल्म घेतात, लिफ्टसाठी थांबतात, आणि पाऊण तासाने बल्ब खिडकीवर येतो तेव्हा तो तळहाताइतका कोमट असतो. यात त्यांचा दोष नसतो. हा बल्ब बाकीच्या बल्बांसारखा नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. असा नमुना परत पाठवणे हे विभागातले सर्वांत अप्रिय काम. रुग्णाला पुन्हा सुई लागते, वॉर्डातून रागावलेला फोन येतो. पण मशीन कोमट बल्बचाही आकडा बिनतक्रार छापते. तो खोटा कमी आकडा मग अधिवृक्काकडे बोट दाखवतो. सीटी स्कॅनमध्ये अधिवृक्कात निरुपद्रवी लहान गाठी दिसणे मुळीच दुर्मीळ नाही. खोटा आकडा आणि निरुपद्रवी गाठ एकत्र आली, तर खरी गाठ डोक्यात असताना शस्त्रक्रिया पोटावर होऊ शकते. मावशींना बर्फाचा डबा हातात देऊन दोन मिनिटे समजावून सांगणे, हा या तपासणीचाच भाग मानला पाहिजे.

याच जोडीची तिसरी तऱ्हा आपल्याकडे वारंवार दिसते. चेहरा गोल भरलेला, पोटावर जांभळट पट्टे, त्वचा पातळ, रक्तदाब आणि साखर चढलेली. लक्षणे सगळी कॉर्टिसोलच्या अतिरेकाची. रिपोर्टमध्ये मात्र कॉर्टिसोल आणि एसीटीएच दोन्ही तळाला. अशा वेळी शरीरात गाठ नसते. संप्रेरक बाहेरून येत असते. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या, दम्यावरच्या गोळ्या, चेहरा उजळवण्यासाठी महिनोन्‌महिने लावलेली स्टेरॉईडची मलमे यांतून डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन रक्तात जाते. कॉर्टिसोलच्या तपासणीत ही औषधे सहसा मोजली जात नाहीत, पियुषिका मात्र त्यांना ओळखते आणि गप्प बसते. प्रेडनिसोलोन आणखी गोंधळात टाकते, कारण काही तपासण्यांत ते कॉर्टिसोल म्हणूनच मोजले जाते. औषधे कोणती, असे विचारल्यावर पुडीचे नाव कोणी घेत नाही, कारण ती औषध आहे असे घरात कोणाला वाटतच नसते. "गुडघ्यांसाठी काही घेता का?" असा थेट प्रश्न विचारला की पदराच्या गाठीतून किंवा पिशवीतून पुडी बाहेर येते. ती एकदम बंद करणे धोक्याचे असते. पियुषिका आणि अधिवृक्क दोन्ही झोपी गेलेली असतात आणि ताप, जुलाब किंवा अपघाताच्या प्रसंगी लागणारे कॉर्टिसोल कोणीच देऊ शकत नाही.

थायरॉईडच्या गाठीचे गणित तसेच, पण वाचायला सोपे. हॉर्मोन पाझरणारी गाठ झाली की टी-३ आणि टी-४ वाढतात आणि टीएसएच ०.०१ पर्यंत खाली जाते. इथे सावधगिरी एवढीच की केसांसाठी आणि नखांसाठी घेतलेली बायोटिनची मोठी मात्रा काही मशीनवर हुबेहूब हेच चित्र उभे करते. टीएसएच खोटे कमी येते, टी-४ खोटे जास्त. दोन-तीन दिवस गोळ्या थांबवून नमुना पुन्हा घेतला की सगळे जागेवर येते.

बीजांडकोशातल्या ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ इस्ट्रोजेन आणि इनहिबिन पाझरते, त्यामुळे एफएसएच दबते. पाळी कायमची गेलेल्या स्त्रीचे एफएसएच चढलेले असायला हवे. ते खाली असणे आणि तिला पुन्हा रक्तस्राव होणे, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर "हॉर्मोन तरुण आहेत" असे समाधान मानून चालत नाही. पुरुषात वृषणाच्या किंवा छातीतल्या जननपेशींच्या गाठीतून एचसीजी हे एरवी गरोदरपणाचे संप्रेरक पाझरले तर ते एलएचचेच काम करते. टेस्टोस्टेरोन आणि इस्ट्रोजेन वाढतात, पियुषिकेचे स्वतःचे एलएच मात्र खाली जाते. द्राक्षगर्भात हेच एचसीजी इतके चढते की ते थायरॉईडलाही चेतवते आणि टीएसएच दाबले जाते. एचसीजी, एलएच, एफएसएच आणि टीएसएच या चौघांचा अर्धा रेणू सारखाच असल्याने ही सरमिसळ होते.

सगळ्याच गाठी पियुषिकेशी बोलत नाहीत. पॅराथायरॉईडची गाठ कॅल्शियम वाढवते, अधिवृक्कातली अल्डोस्टेरोनची गाठ रक्तदाब, फिओक्रोमोसायटोमा ॲड्रिनलिनच्या लाटा सोडतो. या तिघांच्या बाबतीत वरून हुकूम देणारी ग्रंथी पियुषिका नाहीच, म्हणून तिच्या आकड्यांत त्यांचा माग शोधण्यात वेळ जातो. अपवाद एमईएन-१ या आनुवंशिक विकाराचा. त्यात पॅराथायरॉईड, स्वादुपिंड आणि पियुषिका तिन्हींत गाठी होऊ शकतात.

गाठ पियुषिकेतच असते तेव्हा चित्र उलटते, आणि काम खरे अवघड होते. हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये पियुषिकेच्या बेसोफिल गाठी आणि कॉर्टिसोलच्या अतिरेकाचा वर सांगितलेला लक्षणसमूह यांचा संबंध मांडला, तेव्हा एसीटीएच रक्तात मोजण्याची सोय कोणाकडे नव्हती. त्यांनी तो संबंध रुग्णाच्या देहावरून आणि शवविच्छेदनातून जोडला. संप्रेरके मोजण्याची वाट पुढे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी काढली. किरणोत्सारी खूण लावलेल्या इन्सुलिनवर त्यांनी रेडिओइम्युनोअसे बसवली. यॅलो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. बर्सन १९७२ मध्येच गेले होते. मुंबईत परळला १९६३ मध्ये सुरू झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमधून अणुवैद्यकाचे हे तंत्र आपल्याकडे रुजले. गॅमा काउंटरसमोर नळ्यांचे रॅक घेऊन बसणारी, एकेक बिंदू आलेखाच्या कागदावर मांडून हाताने वक्र काढणारी पिढी आता निवृत्त झाली आहे. आज मशीन वीस मिनिटांत आकडा देते. वक्र हाताने काढणाऱ्याला आकडा कुठे डळमळीत आहे हे डोळ्यांनी दिसत असे; आता ते मुद्दाम शोधावे लागते.

पियुषिकेतली एसीटीएचची गाठ बहुधा लहान, १० मिलिमीटरपेक्षा कमी, असते आणि पूर्ण बहिरी नसते. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिल्या, तर निरोगी माणसाचे सकाळी ८ चे कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली जाते. गाठ असलेल्याचे जात नाही. इथेही आपल्याकडचा एक खड्डा आहे: क्षयाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरचे फेनिटोइन डेक्सामेथासोन यकृतात लवकर संपवतात आणि निरोगी माणूसही रोगी दिसतो. फॉर्मवर चालू औषधांची ओळ रिकामी असणे म्हणूनच डोळ्यांत खुपते.

एसीटीएच पियुषिकेतून येते की भलत्या जागेवरून, हे एमआरआयने ठरत नाही तेव्हा जांघेतल्या शिरांतून बारीक नळ्या कवटीच्या तळाशी, पियुषिकेचे रक्त जिथे उतरते त्या दोन्ही सायनसांपर्यंत नेतात. डावीकडचे, उजवीकडचे आणि हातातले रक्त एकाच क्षणी घेतात, मग एसीटीएच सोडायला लावणारे सीआरएच किंवा डेस्मोप्रेसिन टोचून पुन्हा ठरावीक मिनिटांनी. डोक्यातले एसीटीएच हातातल्याच्या किमान दुप्पट, आणि इंजेक्शननंतर तिप्पट, असेल तर गाठ पियुषिकेची. त्या दिवशी बर्फाच्या ट्रेमध्ये बल्बांची रांग लागते आणि प्रत्येकावर बाजू आणि मिनिट लिहिलेले असते. एक बल्ब उलटसुलट झाला तर सगळे गुणोत्तर बदलते. म्हणून एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा चिठ्ठी पाहून हो म्हणतो, आणि मगच बल्ब रॅकमध्ये जातो. हे काम कोणी एकट्याने करू नये.

प्रोलॅक्टिनची गाठ सर्वांत जास्त आढळते. पियुषिकेच्या गाठींपैकी निम्म्याच्या आसपास याच. इतर संप्रेरकांना हायपोथॅलॅमस ढकलतो, प्रोलॅक्टिनला मात्र तो डोपामिनने आवरून धरतो. त्यामुळे प्रोलॅक्टिन वाढले म्हणजे गाठच, असे नसते. गरोदरपण, स्तनपान, थायरॉईडची मंदता आणि ताण यांनीही ते वाढते. औषधांनी तर फारच. आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोलबरोबर सर्रास दिली जाणारी डोम्पेरिडोन आणि लेव्होसल्पिराईड या दोन औषधांनी १०० च्या पुढे गेलेला आकडा घेऊन रडवेल्या झालेल्या मुली रिपोर्टच्या खिडकीशी उभ्या असतात. पित्ताची गोळी ही औषधांत धरलीच जात नाही, हे पुडीसारखेच.

गाठ प्रोलॅक्टिनची नसली तरी ती पियुषिकेच्या देठावर दाब देते तेव्हा डोपामिन खाली पोचत नाही आणि प्रोलॅक्टिन थोडे चढते, बहुधा १०० नॅनोग्रॅमच्या आत. खऱ्या मोठ्या प्रोलॅक्टिन गाठीत आकडा २५० च्या वर, कधी हजारोंत. म्हणजे गाठीचा आकार आणि आकडा एकमेकांशी जुळायला हवेत. चार सेंटिमीटरची गाठ आणि प्रोलॅक्टिन ९०, असा रिपोर्ट समोर आला की हात थांबला पाहिजे. ही तपासणी दोन प्रतिपिंडांच्या मध्ये रेणू पकडून होते. रेणूंचा पूर आला की दोन्ही प्रतिपिंडे वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, जोडी बनतच नाही आणि मशीन कमी आकडा दाखवते. याला हुक इफेक्ट म्हणतात. नव्या मशीनवर तो क्वचित, पण संपलेला नाही. नमुना शंभर पट पातळ करून पुन्हा लावला की ९० चा आकडा काही हजारांवर जाऊ शकतो. या एका डायल्यूशनचे मोल मोठे आहे. देठावर दाब देणारी गाठ शस्त्रक्रियेने काढतात, प्रोलॅक्टिनची गाठ बहुतेकदा आठवड्यातून दोनदा घेतलेल्या कॅबर्गोलिनच्या गोळीने आक्रसते. उलट बाजूला, प्रतिपिंडाला चिकटलेले जड प्रोलॅक्टिन काहींच्या रक्तात साचते. आकडा मोठा, पण पाळी नियमित आणि तक्रार काहीच नाही. पॉलिइथिलीन ग्लायकॉलने ते खाली बसवून उरलेले मोजले की खरे प्रोलॅक्टिन सामान्य निघते, आणि एक नाहक एमआरआय टळतो.

ग्रोथ हॉर्मोनच्या गाठीत एकटा आकडा सर्वांत निरुपयोगी. हे संप्रेरक झटक्या-झटक्याने सुटते. निरोगी माणसातही एखादा झटका नमुन्यात सापडला तर आकडा मोठा येतो. म्हणून त्याच्या हुकमाने यकृत जे तयार करते ते आयजीएफ-१ वयानुसार पाहायचे. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दर अर्ध्या तासाने दोन तास रक्त घ्यायचे. निरोगी माणसात साखर चढली की ग्रोथ हॉर्मोन १ नॅनोग्रॅमच्या खाली दबते. गाठ दबत नाही. या रुग्णांना ओळखायला अनेकदा बरीच वर्षे लागतात. चपलेचा नंबर वाढतो, अंगठी कापून काढावी लागते, जबडा पुढे येतो, पण घरच्यांना तो रोज दिसत असल्याने बदल दिसत नाही. जुन्या आधारकार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा यांतला फरक नमुना घेणाऱ्याच्याच आधी लक्षात येतो, असे कितीदा तरी घडते.

टीएसएचची गाठ फार विरळ. टी-४ चढलेले आणि टीएसएच दबलेले नाही, ही न जुळणारी जोडी तिची खूण. मशीन चुकले असे समजून असा रिपोर्ट बाजूला टाकण्याचा मोह होतो. आधी दुसऱ्या पद्धतीने तपासावे, पण टाकून देऊ नये.

पाझरणारी गाठ मोठी झाली की शेजारच्या निरोगी पेशी दबतात आणि एक संप्रेरक वाढत असताना बाकीची उतरू लागतात. साधारणपणे आधी ग्रोथ हॉर्मोन आणि एलएच-एफएसएच, मग टीएसएच आणि एसीटीएच. इथे केवळ टीएसएच मागवण्याची सवय घातक ठरते. पियुषिकाच दुबळी असेल तर टी-४ खाली जाऊनही टीएसएच वर जात नाही. ते "नॉर्मल" छापले जाते आणि थकलेला, गारठलेला माणूस थायरॉईड ठीक आहे असे ऐकून घरी जातो. आणखी एक गोष्ट क्रमाची. टी-४ आणि कॉर्टिसोल दोन्ही कमी असतील तर आधी कॉर्टिसोल द्यायचे, मग थायरॉक्सिन. उलट केले तर उरलेसुरले कॉर्टिसोलही लवकर खर्च होते आणि रुग्ण कोसळतो. रिपोर्टवर दोन्ही आकडे एकत्र असले तरच हे लिहिणाऱ्याला दिसते.

क्वचित पियुषिकेला चेतवणारी गाठ दूर कुठेतरी असते. ग्रोथ हॉर्मोन सोडायला लावणारे जीएचआरएच हायपोथॅलॅमसमध्ये कितीतरी वर्षे शोधूनही हाती लागत नव्हते. १९८२ मध्ये ते सापडले स्वादुपिंडातल्या गाठींत. ते पाझरल्याने त्या रुग्णांची पियुषिका वाढली होती आणि हातपाय मोठे झाले होते. फुप्फुसाच्या कर्करोगात व्हॅसोप्रेसिन पाझरल्याने रक्तातले सोडियम घसरते, हे १९५७ मध्ये नोंदले गेले.

गाठ निघाल्यानंतरचे आकडे पाहणे हा या कामाचा सर्वांत हळवा भाग आहे. एसीटीएचची गाठ नीट निघाली तर दोन-तीन दिवसांत सकाळचे कॉर्टिसोल २ च्या खाली जाते, कारण गाठीभोवतालच्या निरोगी पेशी वर्षानुवर्षे दबून झोपलेल्या असतात. हा आकडा "क्रिटिकल" म्हणून मशीनवर लाल होतो आणि नियमाप्रमाणे वॉर्डाला लगेच फोन करावा लागतो. पलीकडचे डॉक्टर तो आकडा ऐकून आनंदतात, आणि त्याच वेळी हायड्रोकॉर्टिसोन चालू असल्याची खात्री करून घेतात.

अधिवृक्काची गाठ काढल्यावरही तसेच. दुसऱ्या बाजूचे अधिवृक्क एसीटीएचविना सुकलेले, पियुषिका मुकी. रुग्ण बरा झाला असूनही गळून गेलेला असतो, सांधे दुखतात, आणि घरचे विचारतात की ऑपरेशनने काय मिळाले. दर काही आठवड्यांनी तो सकाळी ८ ला, आदल्या सकाळनंतर गोळी न घेता, खिडकीवर येतो. पहिले काही महिने दोन्ही आकडे तळाला असतात. मग एक दिवस एसीटीएच १५ येते, पुढच्या खेपेला ४०, त्याच्या पुढच्या खेपेला नेहमीच्या मर्यादेच्याही वर, आणि कॉर्टिसोल अजून ४ वरच असते. पियुषिका जागी झाली आहे आणि खाली हाका मारते आहे. खालची ग्रंथी अजून उठलेली नाही. अशा रिपोर्टवर एसीटीएचचा आकडा एकटा पाहिला तर गाठ पुन्हा आली असे वाटावे. जोडीने पाहिला तर वाट पाहायची, एवढेच कळते. यात कधी सहा महिने जातात, कधी वर्ष-दीड वर्ष. शेवटी एका सकाळी कॉर्टिसोल १० च्या पुढे जाते, एसीटीएच आपोआप खाली बसते, आणि केस पेपरवर हायड्रोकॉर्टिसोन बंद असे लिहिले जाते.